'च' इंग्रजीत कसा शिकवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मराठी माध्यमाच्या नववीला इंग्रजी शिकवते. वाक्यात जोर कसा द्यायचा हे सध्या चाललंय आणि गाडी 'च'पाशी अडलीय.

आपल्याकडे किती सोपं! 'रवीनेच पत्र पाठवलं', 'रवीने पत्रच पाठवलं'. एक अक्षर सरकवलं की जोर सरकला. इंग्रजीत त्यासाठी अख्खं वाक्य मोडून बांधायचं: 'इट वॉज रवी हू सेंट द लेटर'. मुलं मात्र दिसेल त्या 'च'ला 'ओन्ली' चिकटवतात. 'आय ॲम हिअर ओन्ली' तर रोजचंच. (स्टाफरूममध्ये मीही बोलून जाते, खोटं कशाला सांगू.) त्यात 'कालच आला'ला 'ओन्ली यस्टरडे' बरोबर ठरतं, मग 'बाई, इथे कसं चालतं?'

'डिड'ला थोडं यश आलं. 'पाठवलं की!' मधला 'की' म्हणजे 'आय डिड सेंड इट' असं सांगितलं, भांडणाचे संवाद करून घेतले, वर्ग खूश. तरी वहीत 'डिड सेंट' येतंच.

खरी पंचाईत 'नेव्हर हॅव आय सीन'ची. 'हॅव' आधी आला की निम्मा वर्ग शेवटी प्रश्नचिन्ह ठोकतो. 'नेव्हर' वाक्याच्या सुरुवातीला आला की 'हॅव'सारखं सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं, हा नियम पाठ आहे, पण उपयोग शून्य.

तुम्ही ही उलटापालट कशी शिकवता? की नववीला फक्त ओळखता आली तरी पुरे, लिहायला नंतर? आणि 'ओन्ली' सोडवणारा एखादा खेळ असेल तर कृपया सांगा. साठ मुलांच्या वर्गात जमेल असाच हवा.