मदत हवी आहे: पीएचसीतल्या सिस्टरांना पॅलिएटिव्ह केअरचं नेमकं काय शिकवायचं, हे कसं शोधू?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात एम.एस्सी. नर्सिंग करते, विषय कम्युनिटी हेल्थ. प्राथमिक आरोग्य केंद्रं (पीएचसी) आणि उपकेंद्रांतल्या सिस्टर आणि सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांना पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या काळजीचं, कुठलं प्रशिक्षण लागेल, यावर प्रबंध आहे. आयुष्मान भारतच्या बारा सेवांमध्ये ही सेवा कागदावर आहेच, त्यामुळे विषय लगेच मंजूर झाला. घोडं अडलंय ते पुढे.

पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, साधी प्रश्नावली दिली: वेदना, जखमेची काळजी, नातेवाइकांशी बोलणं, प्रत्येकापुढे ‘प्रशिक्षण हवं का?’ सगळ्यांनी सगळीकडे ‘हो’वर टिक केलं. एक सिस्टर तर हसत म्हणाल्या, ‘तेवढीच रजिस्टरांतून दोन दिवस सुटका!’ यातून मी काय निष्कर्ष काढू?

गाईड म्हणतात, पीसीक्यूएन (नर्सना पॅलिएटिव्ह केअरचं किती ज्ञान आहे हे तपासणारी चाचणी) वापर. १९९६ मध्ये कॅनडात तयार झालेली ही चाचणी वीस विधानांची आहे: बरोबर, चूक किंवा माहीत नाही. पण त्यातला बराच भाग औषधांवर आहे आणि मी भेटलेल्या कित्येक सिस्टरांनी मॉर्फीनची (तीव्र वेदनांवरच्या औषधाची) गोळी हातातही घेतलेली नाही. उत्तर चुकलं तर ते अज्ञान समजायचं की औषधच न पोचल्याचा परिणाम?

त्यांना रोज भेडसावणारे प्रश्न वेगळेच आहेत. बार्शीहून उपचार संपवून घरी आलेला तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट, गालाच्या जखमेला इतका वास की नातवंडं जवळ जात नाहीत. दारातच सून हळूच सांगते, ‘सिस्टर, त्यांना कॅन्सर म्हणू नका.’ अक्कलकोटकडे हे सगळं कन्नडमध्ये. हे कुठल्या प्रश्नावलीत बसवू? कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

माळशिरसकर_मावशी:
मी निवृत्त आरोग्य सहाय्यिका. ‘हवं का’ हे विचारूच नका. प्रत्येक कामाला दोनदा गुण द्यायला लावा: तुमच्या कामात हे किती महत्त्वाचं, आणि तुम्हाला ते किती जमतं. दोन्हींत अंतर जास्त असेल तिथे गरज. हेनेसी-हिक्स नावाची प्रश्नावली याच पद्धतीची आहे, गाईडांना दाखवा.

त्याच्या जोडीला एक केस तोंडी विचारा. समजा, साठीचा माणूस, मॉर्फीन दर चार तासांनी सांगितलंय, घरचे ‘सवय लागेल’ म्हणून फार दुखलं तरच देतात, पाच दिवस शौचाला नाही. तुम्ही घरी गेलात, काय विचाराल, काय कराल, कुणाला फोन कराल? मॉर्फीनने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्या आपसूक बोलतात.

उत्तरं तीन ढिगांत टाका. एक, माहीत नाही; दोन, माहीत आहे पण हात बसलेला नाही; तीन, येतं, पण औषध किंवा अधिकार नाही. प्रशिक्षणाची गरज फक्त पहिल्या दोन ढिगांत. तिसरा वेगळा लिहा. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फीन ठेवणं सोपं केलं, तरी ते उपकेंद्रापर्यंत पोचवणं हे वरच्यांचं काम. त्याचं खापर सिस्टरच्या डोक्यावर कशाला?

आणि हो, वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर फॉर्म भरून घेऊ नका. परीक्षा समजून एकमेकींचं बघून लिहितात, आम्हीही तेच करायचो.

धागाकर्ती:
मावशी, तीन ढिगांचं अगदी पटलं. केस मराठी आणि कन्नड दोन्हींत करते. सोलापूर शहरात पूर्व भागासाठी तेलुगूही लागेल. एकच शंका: तोंडी उत्तरं रेकॉर्ड करू की तिथेच लिहून घेऊ?

माळशिरसकर_मावशी:
लिहून घ्या. मोबाइल समोर ठेवला की सिस्टर पुस्तकातलं बोलू लागतात. आणि जमलं तर आशाताईंसोबत दोन-तीन घरी प्रत्यक्ष जा. जखमेचं ड्रेसिंग करताना सिस्टरचे हात काय करतात, ते बघा.