घरबसल्या अग्निसुरक्षा शिकताना

भाऊ, तुम्ही विचारलंत की अग्निसुरक्षेचा कोर्स ऑनलाइन करून खेड्यात काय उपयोग? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावातून तोच करतोय, म्हणून लिहितो.

पुस्तकी भाग मोबाइलवर नीट होतो. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग, म्हणजे इमारतीतल्या अग्निसुरक्षेचे नियम, वाचल्यापासून कुठेही गेलो की आधी दारं बघतो: बाहेरच्या बाजूला उघडतात का, समोर पोती तर रचली नाहीत? आमच्याकडे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने, आहेत. कापसाची आग फसवी असते. वरून विझलेली दिसते, पण आत धुमसतच राहते. गंजी फोडून, पसरून आतपर्यंत भिजवावी लागते. हे मला पाठातून कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी ते जिनिंगवरच्या हमालांना सांगून आलो.

मात्र नळी हातात धरणं, धुरात वाकून चालणं स्क्रीनवर येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष सराव असलेलाच कोर्स निवडा. अग्निशमन सेवेतच जायचं असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची माहिती आधी काढा.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. मी हा विषय घेतला तो त्यामुळेच.