परळ सोडून बदलापूरला जावे का? मदत हवी आहे

परळच्या चाळीतील आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण राहतो. मुलगी यंदा दहावीला आहे आणि रात्री सगळे झोपल्यावर ती ओट्याखालचा दिवा लावून, पाटावर वह्या ठेवून अभ्यास करते. ते पाहवत नाही, म्हणून बदलापूर पश्चिमेला दोन खोल्यांचे घर घेण्याचा विचार आहे, कारण आमच्या ऐपतीत मुंबईत घर मिळणे शक्य नाही.

माझे कार्यालय फोर्टात आहे. सीएसएमटीपर्यंतच्या सुमारे ६८ किलोमीटरच्या प्रवासाला लोकलने दीड तास लागतो, आणि कर्जतहून येणारी सकाळची गाडी भरूनच येते. तेही सोसेन, पण खरी काळजी उल्हास नदीची आहे. जुलै २०१९ च्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली होती आणि बदलापुरातही वस्त्यांमध्ये पाणी शिरले होते. शिवाय सासूबाईंना हृदयविकार आहे. आज केईएम रुग्णालय आम्हाला पायी दहा मिनिटांवर आहे.

तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगावे: पश्चिमेला कोणत्या भागात पुराचे पाणी येत नाही, आणि रात्री-अपरात्री हृदयरुग्णाला उपचार तिथेच मिळतात की कल्याण-ठाणे गाठावे लागते? टोकन याच महिन्यात द्यायचे आहे.