नोकरी गेल्यावर टेक्निकल रायटिंगकडे वळलात? अनुभव लिहा

काल कपाट आवरताना जुनी वही सापडली. त्यात हँडओव्हरचा, म्हणजे काम दुसऱ्यांकडे सोपवतानाच्या नोंदींचा, कच्चा आराखडा. सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मग एका सकाळी पंधरा मिनिटांच्या कॉलवर आमची अख्खी टीम गेली. राग होता, पण मागे राहणाऱ्यांचा काय दोष? म्हणून शेवटच्या दोन दिवसांत त्यांच्यासाठी अकरा पानं लिहून ठेवली. तीन महिन्यांनी एकीचा फोन आला, "अगं, तुझ्या त्या पानांवरच आमचं सगळं चाललंय." तोवर मी टेस्टिंगचेच अर्ज पाठवत होते. अशा लिहिण्याची नोकरी असते, हे त्या फोननंतर शोधलं.

मुलाखतीत सुधारायला एक पान दिलं होतं. पाचवी पायरी, 'जुना डेटा डिलीट करा'. सहावी, 'त्याआधी बॅकअप घेतल्याची खात्री करा'. मी दोन्हींची अदलाबदल केली. स्पेलिंगच्या दोन चुका सुटल्या, तरी घेतलं त्यांनी. माणूस पायरी वाचतो आणि लगेच करून मोकळा होतो, हे टेस्टिंगनेच शिकवलेलं.

तुम्ही कसे आलात?

———

विमानांच्या देखभालीत होतो. काम सुटलं तेव्हा वय ४५. आमच्या मॅन्युअलचं इंग्रजी नियमांत बांधलेलं, एएसडी-एसटीई१०० म्हणतात. सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, एका वाक्यात एकच काम. 'फॉलो' म्हणजे फक्त मागून येणं, नियम पाळायचा असेल तर 'ओबे'. ही वाक्यं मी टॉर्च दातात धरून, ग्रीसच्या हातांनी वाचलीत. आता लिहायला बसलो की तो वाकलेला माणूस डोळ्यांसमोर असतो.

———

टॉर्चचं वाचून बाबा आठवले. तेही मेकॅनिक होते. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

———

मी शिक्षिका. नोकरी गेल्यावर गूगलचे टेक्निकल रायटिंगचे पहिले दोन कोर्स केले, फुकट आहेत. भाषा जमली, गिटने (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) रडवलं. पहिल्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे माझे बदल तपासून घ्या अशा विनंतीवर, २३ कमेंट्स! रात्रभर झोप नाही. सकाळी लीडने स्वतःची जुनी पुल रिक्वेस्ट उघडून दाखवली, त्यावर ४१ होत्या. तेव्हापासून ती मला फार

बाळ उठलं, उरलेलं रात्री लिहिते

———

मार्चपासून घरी आहे. आधीचं सगळं काम एनडीएखाली, म्हणजे गोपनीयतेच्या करारात. नमुना म्हणून काय दाखवायचं? ताई, तुम्ही ती अकरा पानं दाखवलीत का?

———

नाही हो, ती कंपनीची, तिथेच राहिली. एखाद्या ओपन सोर्स (सगळ्यांना खुल्या) प्रकल्पाची रीडमी, म्हणजे सुरुवातीची माहितीची फाइल, घ्या आणि कोऱ्या मशीनवर तिच्याबरहुकूम इन्स्टॉल करून बघा. जिथे अडाल तिथली दुरुस्ती पाठवा. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही मुलाखतीत दाखवा.

———

माझं उलटं झालं. नऊ वर्षं रायटर होतो, गेल्या वर्षी काढलं, 'आता एआय लिहील' म्हणून. नवीन येणाऱ्यांना घाबरवायचं नाही, पण धाग्यात हेही असू दे. सध्या एआयने लिहिलेली एपीआय डॉक्स (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी कसं बोलायचं याची माहितीपानं) तपासायचं कंत्राटी काम करतो. परवा एका पानावर अस्तित्वातच नसलेला पॅरामीटर (रिक्वेस्टसोबत पाठवायची माहिती) होता, उदाहरणासकट. वाचताना अगदी खरा वाटला. पोस्टमन या एपीआय तपासायच्या ॲपमध्ये रिक्वेस्ट चालवली तेव्हा कळलं.

———

वाईट वाटलं हो वाचून. नऊ वर्षं म्हणजे थोडी नाहीत. आमच्याकडे एक जागा निघतेय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.

———

मोठी मॅन्युअलं लिहायचं जुनं सॉफ्टवेअर फ्रेममेकर, ते वापरणारे कुणी उरलेत का इथे? सगळीकडे मार्कडाउनच (साध्या मजकुरात खुणा टाकून लिहायची पद्धत) ऐकू येतं.

———

आम्ही आहोत की! आमच्याकडे एस१०००डी हे तांत्रिक मॅन्युअलांचं मानक, म्हणजे सगळं एक्सएमएल, मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला टॅग. टॅग बघून बघून चष्म्याचा नंबर वाढला, त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

———

ताई, रीडमी घेतली. तिसऱ्याच पायरीला अडले. पायथनची कुठली आवृत्ती लागते ते लिहिलेलंच नाही, दोन तास गेले. एवढीशी एका ओळीची दुरुस्ती पाठवली तर चालेल?

———

चालेल. आजच पाठवा.