कापसाचे पैसे पतसंस्थेत ठेवू की जिल्हा बँकेत?

घाटंजीची_ताई: नमस्कार. औंदा कापूस विकून, दुकानाची उधारी आणि सोसायटीचं पीककर्ज चुकतं करून 1 लाख 80 हजार उरले. लग्नाला 18 वर्षं झाली, एवढी शिल्लक पहिल्यांदाच दिसली. मुलगी जूनमध्ये नर्सिंगला जाणार आहे, तिच्या फीचे पैसे आहेत.

सरकारी बँक तालुक्याला. जायचं म्हणजे एक रोज बुडतो आणि खिडकीशी पोचलं की 'लिंक नाही'. पतसंस्थेचा पिग्मीवाला दादा, म्हणजे रोजची थोडीथोडी बचत गोळा करणारा, मात्र रोज संध्याकाळी दारात असतो. मागच्या साली सासऱ्यांना दवाखान्यात भरती केलं तेव्हा त्याच संस्थेनं दुसऱ्या दिवशी सोनंतारण दिलं, हे मी विसरणार नाही. ठेवीला व्याजही दीड टक्का जास्त सांगतात. पण पाटीवर इथंही 'सहकारी' आणि जिल्हा बँकेच्या पाटीवरही 'सहकारी'. मग फरक काय?

माजी_गटसचिव: ताई, 'सहकारी'च्या पुढचा शब्द वाचा. बँक असेल, म्हणजे जिल्हा मध्यवर्ती किंवा नागरी सहकारी, तर तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं आणि ठेवीला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी 2020 च्या आधी तो 1 लाखच होता. पतसंस्थेला हा विमा नाही. ती 1960 च्या राज्याच्या सहकार कायद्याखाली, सहकार खात्याकडे. गावची सेवा सोसायटीही तशीच.

म्हणून पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला बँक दारात उभं करत नाही त्याला तीच कामी येते. फक्त ठेव ठेवण्याआधी दोन गोष्टी विचारा: लेखापरीक्षणात (ऑडिटमध्ये) वर्ग कोणता मिळाला आणि वाटलेल्या कर्जाची थकबाकी किती. आणि तुमच्या नावावर भाग (शेअर) आहेत की नुसतं नाममात्र सभासद केलंय? नाममात्र सभासदाला सभेत मत नसतं.

पऱ्हाटीवाला: मायी गोष्ट आयका ताई. बाबानं बैलजोडी इकून 90 हजार एका पतसंस्थेत ठेवले होते. अध्यक्ष गावातलाच, आमच्या घरच्या पंगतीत वाढायले येनारा. एक दिवस पाहतो तं कुलूप. मंग समजलं, कर्ज सारं संचालकायच्या सोयऱ्यायलेच वाटलं होतं. बाबा ते पावती पन्नीत गुंडाळून पेटीत ठेवत अन् दर महिन्याले तालुक्याले चकरा मारत. घडीवरची अक्षरं पुसली, रक्कम वाचता येत नव्हती. सहा वर्षांत 22 हजार भेटले. बाबा गेले, पावती अजून पेटीतच हाय.

तरी म्या सोसायटी सोडली नाही. 3 लाखापर्यंतचं पीककर्ज येळेवर भरलं तं बिनव्याजी पडते, सावकाराच्या दारात जा लागत नाही. कर्ज तिथून घ्या, पन पोरीची फी इम्याच्या जागीच ठेवा.

घाटंजीची_ताई: दोघांचे आभार. दीड लाख जिल्हा बँकेत ठेवायचं ठरवलं, पारव्याचा बाजार करता करता तिथली शाखा जमते. पिग्मी सुरूच ठेवणार, सासऱ्यांच्या वेळचं ऋण आहे. काल संध्याकाळी दादाला वार्षिक अहवाल मागितला. आजवर कोणी मागितला नव्हता म्हणे. सोमवारी आणून देतो म्हणाला. गटसचिव काका, आला की त्यातलं थकबाकीचं पान इथं टाकते, वाचून सांगाल का?