फेतिसोव्ह पळाला नाही, म्हणून कमी शूर?

निळी_रेषा:
सोव्हिएत आइस हॉकीपटू मोगिल्नीला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतल्याच्या धाग्यावर 'अटकेपार' यांनी लिहिलं होतं की खरी हिंमत विशीत देशातून पळालेल्या मोगिल्नीची. त्याच संघातल्या बचावपटू फेतिसोव्हने बाहेर खेळू द्या म्हणून अर्ज करण्यात उमेदीची वर्षं घालवली, एकतिसाव्या वर्षी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमधल्या न्यू जर्सी क्लबला पोहोचला आणि तिथे बेताचाच खेळला. "उगाच डोक्यावर घेतलेला माणूस" हे त्यांचे शब्द. दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीत. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मोगिल्नीच्या हिमतीवर माझा वाद नाही. मे १९८९, स्टॉकहोम, जागतिक स्पर्धेचं सुवर्ण नुकतंच गळ्यात पडलेलं, आणि हा वीस वर्षांचा मुलगा एनएचएलमधल्या बफलो क्लबच्या लोकांना बोलावून घेतो आणि संघ सोडून निघून जातो. कागदोपत्री तो लष्करी अधिकारी, म्हणजे थेट सैन्यातून पळाल्याचा गुन्हा. मान्य. पण त्या संघाचा कप्तान कोण होता? फेतिसोव्ह. आणि त्याआधीच्या चार महिन्यांत त्याने काय सोसलं होतं?

न्यू जर्सीने त्याला १९८३ सालीच ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल क्लबांच्या खेळाडू-निवडीत, निवडून ठेवलं होतं. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकनंतर सोडू असा शब्द मिळाला, तो फिरवला गेला. मग १९८९ च्या जानेवारीत त्याने उघड सांगितलं की सीएसकेए या लष्करी क्लबचा आणि राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक तिखोनोव्ह याच्या हाताखाली यापुढे खेळणार नाही. दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवलेला माणूस, सैन्यात मेजर, आणि त्याला संघातून बाहेर काढलं. बचावातला त्याचा वर्षानुवर्षांचा जोडीदार कासातोनोव्ह प्रशिक्षकाच्या बाजूला राहिला. संघातले सहकारी लारिओनोव्ह, माकारोव्ह, क्रुतोव्ह यांनी टीव्हीवर सांगितलं, तो नसेल तर आम्हीही जागतिक स्पर्धेला जाणार नाही. तेव्हा कुठे त्याला परत घेतलं. तो स्टॉकहोमला गेला, सुवर्ण घेतलं, आणि कप्तान म्हणून घरी परतला. पळायची संधी त्यालाही तिथेच होती!

त्याला स्वतःच्या पासपोर्टवर, सैन्याचा राजीनामा देऊन बाहेर पडायचं होतं. पगाराचा मोठा वाटा सरकारी संस्थेला देण्याचा करारही त्याने झिडकारला. याला "अर्ज करणं" म्हणायचं?

अटकेपार:
माझं वाक्य अर्धवट उचललंत. आधी पाठीशी काय होतं ते बघा. फेतिसोव्हच्या मागे नाव होतं, पदकं होती, तीन दोस्त टीव्हीवर बोलायला तयार होते. त्याला तुरुंगात टाकलं असतं तर जगभर बोभाटा झाला असता. मोगिल्नीच्या मागे कोण होतं? कोणी नाही. पकडला असता तर त्याचं नावही कुणाला आठवलं नसतं.

आणि खेळाचं बोला. फेतिसोव्ह एनएचएलमध्ये ५४६ सामने, ३६ गोल. मोगिल्नी एका मोसमात ७७ सामन्यांत ७६ गोल. मी आकड्यांवर बोलतो, भक्तीवर नाही.

मिशिगनकर:
बचावपटूची तुलना विंगरच्या, म्हणजे आक्रमणातल्या खेळाडूच्या, गोलांशी? अटकेपारजी, हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं.

मी १९९६ पासून डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आहे. १९९७ मध्ये डेट्रॉइटने ४२ वर्षांनी एनएचएलचा स्टॅन्ले कप जिंकला तेव्हा आमच्या ऑफिसात हॉकीतलं ओ की ठो न कळणारे देशी लोकही लाल टीशर्ट घालून आले होते. ते पाच रशियन एकत्र खेळायचे ना, फेदोरोव्ह, लारिओनोव्ह, कोझ्लोव्ह, कोन्स्तांतिनोव्ह आणि ३९ वर्षांचा फेतिसोव्ह, ते बघणं म्हणजे काय होतं! बाकीचे पक (बर्फावरची रबरी चकती) पुढे मारून तिच्या मागे धावायचे. हे मागे वळायचे, एकमेकांकडे द्यायचे, परत आपल्या बाजूला न्यायचे, आणि अचानक समोरचा गोलरक्षक एकटा. ही चाल कुठून आली? मॉस्कोहून. फेतिसोव्हला डेट्रॉइटने घेतलं तेव्हा पायांत वेग उरला नव्हता, पण पुढच्या तीन चाली त्याला आधी दिसायच्या. तो बेताचा खेळाडू होता असं म्हणणाऱ्याने तो बघितलेला नाही.

कप जिंकल्यावर सहा दिवसांनी, १३ जूनला, वुडवर्ड ॲव्हेन्यूवर त्यांची लिमोझिन झाडावर आदळली. गाडीत तोही होता. कोन्स्तांतिनोव्ह आणि मसाजिस्ट म्नात्साकानोव्ह आयुष्यभरासाठी जायबंदी झाले. दुसऱ्या दिवशी मी बायकोला घेऊन त्या झाडापाशी गेलो होतो. फुलं, पत्रं, लहान मुलांच्या हॉकीस्टिक्स. मला रडू आलं हे सांगायला लाज वाटत नाही. आणि ज्या माणसाचा धाकटा भाऊ १९८५ मध्ये तो स्वतः गाडी चालवत असताना अपघातात गेला, त्याच्या वाट्याला हे दुसऱ्यांदा आलं. तरी तो ऑगस्टमध्ये कप घेऊन मॉस्कोला गेला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळून पुन्हा जिंकला.

तालमीतला:
सगळे तिखोनोव्हला खलनायक करून मोकळे होताय, म्हणून लिहितो. सीएसकेएने १९७७ पासून सलग १३ वेळा देशाचं अजिंक्यपद मिळवलं, त्यातली १२ तिखोनोव्हची. हे पाच जण डोळे मिटून पास द्यायचे असं कौतुक करता, ते डोळे मिटून पास द्यायला शिकवलं कुणी? वर्षातले दहा-अकरा महिने छावणीत राहिल्याशिवाय असं होत नाही. १९९२ ला तर फेतिसोव्ह, लारिओनोव्ह वगैरे अमेरिकेत निघून गेल्यावर म्हाताऱ्याने नवी पोरं घेऊन आल्बेर्व्हिल ऑलिंपिकला पुन्हा सुवर्ण जिंकलं. मी कुस्ती केली आहे. पहाटे चारला वस्तादांची काठी दारावर वाजायची. त्या काठीमुळे आज मी माणसांत आहे.

खांबाजवळची:
तालमीतला, मी या धाग्यावर फक्त वाचायला आले होते. हॉकीतलं मला फार कळत नाही. पण "छावणीत राहिल्याशिवाय होत नाही" हे वाचून राहवलं नाही.

मी तेराव्या वर्षी खो-खोसाठी एका निवासी क्रीडा केंद्रात गेले. नाव घेत नाही. आम्ही जिंकायचो, राज्यात पहिल्या यायचो. माझी आजी, जिने मला वाढवलं, ती आजारी होती तेव्हा घरून दोनदा फोन आला. सरांनी मला सांगितलाच नाही. निवड चाचणी झाल्यावर सांगितला, तेव्हा दहावा उरकला होता. मी त्या वर्षीही पदक आणलं. ते पदक घरात कुठे आहे मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही.

त्याच तिखोनोव्हने आपल्या संघातल्या खोमुतोव्हला वडील मरणाच्या दारात असताना घरी जाऊ दिलं नाही, असं फेतिसोव्हने सांगितलं आहे. ते ऐकल्यापासून मला हा माणूस हजारो मैलांवरचा वाटत नाही.

तालमीतला:
ताई, तुमच्या आजीबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण एका वाईट सरांवरून सगळी पद्धत मोडीत काढता येत नाही. तोच खोमुतोव्ह १९९२ ला त्याच तिखोनोव्हच्या हाताखाली खेळला, हे कसं?

खांबाजवळची:
मीही पुढची तीन वर्षं त्याच सरांकडे खेळले. कारण दुसरं केंद्र नव्हतं. याचा अर्थ मी त्यांना माफ केलं असा काढू नका.

आणि पद्धतीचं म्हणता, तर १९८० ला लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध पहिल्या सत्रानंतर २-२ असताना त्रेत्याकला बाहेर बसवलं ते कुठल्या पद्धतीत बसतं? जगातला सर्वोत्तम गोलरक्षक! सामना ४-३ ने गेला. त्याच त्रेत्याकला एनएचएलमधल्या माँट्रिऑलला खेळायचं होतं, जाऊ दिलं नाही. १९८४ ला तो ३२ व्या वर्षी निवृत्त झाला. घरच्यांबरोबर राहून सराव करायला मागत होता, ती सवलत मिळाली नाही. तुमच्या काठीने हा एक माणूस घालवला. मोजा तोही.

तालमीतला:
माझ्या वस्तादांवर घसरायची गरज नव्हती. त्यांनी आमच्यासाठी स्वतःची जमीन विकली. तुम्हाला काही माहीत नसताना बोलू नका.

मिशिगनकर:
दोघांनाही हात जोडून विनंती, एकमेकांच्या घरात शिरू नका. तालमीतला, वस्ताद पदरमोड करून पोरं सांभाळतो आणि पोरगा दाराबाहेर जाऊ शकतो. तिखोनोव्हच्या पोरांना दार नव्हतं, ते सैन्यात होते. हा फरक तुम्हाला पटणार नाही असं मला वाटत नाही.

तालमीतला:
दार नव्हतं, हे मान्य. वस्तादांनी मला कधी अडवलं नाही, मी स्वतः राहिलो. त्रेत्याकचंही चुकलंच. पण बारा अजिंक्यपदं भीतीने मिळत नाहीत, एवढं माझं राहू द्या.

व्होल्गाकाठचा:
मी रशियात सहा वर्षं वैद्यकीय शिकलो. आमच्या वसतिगृहाच्या दारावर एक आजोबा बसायचे. उणे पंचवीसमध्येही अंगणातल्या बर्फावर पोरं खेळायची आणि हे खिडकीतून ओरडून चुका सांगायचे. मी एकदा विचारलं, सगळ्यात मोठा कोण? म्हणाले, फेतिसोव्ह. मी म्हटलं, तोही गेलाच की अमेरिकेला. म्हणाले, गेला, पण सांगून गेला.

आता माझा मुद्दा, जो निळी_रेषा यांना आवडणार नाही. पुढे त्याने देशाचं क्रीडा खातं सांभाळलं, मग संसदेचं वरिष्ठ सभागृह, मग दूमा, म्हणजे कनिष्ठ सभागृह. ज्या सत्तेने त्याला अडवलं होतं, तिच्याच खुर्चीत जाऊन बसला. त्याच्या बंडाचा विचार करताना हे मला टोचतं.

अटकेपार:
व्होल्गाकाठचा यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी आणखी एक सांगतो, याचं उत्तर मला हवं आहे. फेतिसोव्हने दार उघडलं म्हणता. १९८९ ला त्या दारातून कोण आलं? तो ३१, माकारोव्ह ३१, क्रुतोव्ह २९, लारिओनोव्ह २८. माकारोव्हला तर त्या वयात नवोदिताचा काल्डर करंडक मिळाला आणि लीगला २६ च्या आतली अट घालावी लागली. क्रुतोव्ह व्हँकूव्हरला एका मोसमात संपला. म्हणजे ज्यांच्याकडून घ्यायचं ते घेऊन झालं होतं, त्यांना सोडलं. तरण्यांना दार बंदच होतं! फेदोरोव्हला जुलै १९९० मध्ये अमेरिका दौऱ्यात पोर्टलंडहून पळावंच लागलं. विशीतल्या खेळाडूला वाट कुणी दाखवली? मोगिल्नीने.

निळी_रेषा:
हा मुद्दा बिनतोड आहे. मी दोन वेळा उत्तर लिहून पुसलं. कोन्स्तांतिनोव्हलाही १९९१ मध्ये खोट्या आजाराचे कागद करून बाहेर काढावं लागलं, हे मीच तुमच्या बाजूने जोडतो. दार सगळ्यांना उघडलं नव्हतं, हे मान्य करतो.

पण म्हणून फेतिसोव्ह "उगाच डोक्यावर घेतलेला" ठरत नाही. राजीनामा हा शब्द त्या सैन्यात कुणी उच्चारत नव्हतं, तो त्याने उच्चारला आणि मंजूर करून घेतला. दूमाबद्दल मी बचाव करणार नाही. १९८९ चा फेतिसोव्ह मात्र मला कुणी हिरावून घेऊ नये.

अटकेपार:
"उगाच" हा शब्द मागे घेतो. तेवढाच. पहिला नंबर माझ्याकडे मोगिल्नीचाच.

मिशिगनकर:
जाता जाता एक आठवलं. २००० साली न्यू जर्सीने कप जिंकला तेव्हा मोगिल्नी त्या संघात होता. मार्चमध्येच आला होता. आणि बाकामागे सहायक प्रशिक्षक म्हणून उभा होता फेतिसोव्ह. स्टॉकहोमनंतर अकरा वर्षांनी दोघांच्या हातात एकच कप.

अटकेपार:
हे माझ्या लक्षात नव्हतं. त्या वेळचं चित्रण कुठे मिळालं तर इथे टाका, बघायचं आहे.

खांबाजवळची:
मलाही.