लंबकाच्या प्रयोगात स्टॉपवॉचचे लघुतम माप हीच अनिश्चितता धरावी का?

प्रश्न
बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात आम्ही पुण्यात साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढले. लांबी १.००० मीटर होती आणि २० दोलनांना ४०.१२, ४०.२५, ४०.०८, ४०.२१ व ४०.१९ सेकंद लागले, सरासरी ४०.१७ घेऊन उत्तर ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग आले. मोजपट्टीचे लघुतम माप, म्हणजे तिच्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, १ मिलिमीटर आणि स्टॉपवॉचचे ०.०१ सेकंद धरून मी जर्नलमध्ये ०.१५ टक्के त्रुटी लिहिली. तोंडी परीक्षेत सरांनी एवढेच विचारले, "या गणितात तुमचा अंगठा कुठे आहे?" मला उत्तर सुचले नाही. शिवाय पुस्तकातल्या ९.८१ शी मूल्य जुळत नाही, ते वेगळेच. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
सरांचा प्रश्न रास्त आहे. स्टॉपवॉच शतांश सेकंद दाखवते, पण ते दाबणारा अंगठा तेवढा नेमका नसतो. तुमचीच वाचने ०.१७ सेकंदांत पसरलेली आहेत. त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ०.०७ सेकंद येते आणि त्याला पाचाच्या वर्गमुळाने भागले की सरासरीची अनिश्चितता ०.०३ सेकंद मिळते. गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात दोलनकालाचा, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग असल्यामुळे तिचा टक्का दुप्पट होऊन सुमारे ०.१५ होतो. म्हणजे तुम्ही सगळ्याची मिळून लिहिलेली त्रुटी एकट्या अंगठ्यानेच खाल्ली! लांबीचा अंदाज मात्र वाचनांवरून नव्हे, तर मांडणीवरून करावा लागतो. दोरा नेमका कुठून झुलतो आणि गोलकाचे केंद्र कुठे आहे, यात दोन्ही बाजूंना २ मिलिमीटरची शंका धरली आणि त्या पट्ट्यातले प्रत्येक मूल्य सारखेच शक्य मानले, तर २ ला तीनच्या वर्गमुळाने भागून १.१५ मिलिमीटर, म्हणजे ०.१२ टक्के. या दोन टक्क्यांची सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे: ०.१९ टक्के. उत्तर ९.७९ ± ०.०२ असे लिहावे.

उत्तर २
वरील हिशोब मान्य आहे. ९.८१ हा मध्यम अक्षांशांचा आकडा आहे. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश आणि उंची सुमारे ५६० मीटर पाहता तेथील मूल्य ९.७८ च्या आसपास येते. मात्र ९५ टक्के खात्रीसाठी ०.०२ ची दुप्पट करावी लागते, आणि मग तुमचा प्रयोग ९.७८ आणि ९.८१ या दोहोंपैकी एकालाही नाकारू शकत नाही. आता मुद्द्याची गोष्ट: लंबक किती अंशांवरून सोडला होता? दहा अंशांच्या झोक्याला दोलनकाल सुमारे ०.१९ टक्क्याने वाढतो आणि गुरुत्वत्वरण ०.३८ टक्क्याने कमी दिसते. ही चूक प्रत्येक वाचनात एकाच दिशेने शिरते, त्यामुळे पाचऐवजी पन्नास वाचने घेतली तरी सरासरीत ती जशीच्या तशी राहते. तिची दुरुस्ती आधी करावी, अनिश्चितता त्यानंतर.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे आभार. कोन आम्ही मोजलाच नव्हता, गोलक बोटांनी अंदाजे बाजूला नेला होता. तो दहा अंश असेल, तर दुरुस्तीनंतर माझे उत्तर ९.८२ होते, म्हणजे पुण्याच्या मूल्यापासून आणखी लांब! सोमवारी लंबकामागे कोनमापक चिकटवून, पाच अंशांच्या आत झोका देऊन पुन्हा मोजतो.